शिवरंजनीचं व्रत

सोनपेठात ब्लाउज शिवणाऱ्या बाया गल्लीगल्लीत हायत. पण जिच्या अंगाची गोष्ट चार भिंतींच्या बाहेर जाऊ नये असं वाटतं, ती बाई माझ्याकडंच येते. लोक म्हणतात, रुख्मिणीची जीभ लय तिखट हाय. असू दे की. तिखट जीभ वेगळी आन् फुटकी जीभ वेगळी. शिवरंजनीची ही गोष्ट तिनं स्वतः चारचौघांत उघडी केली म्हणून आज सांगायलेय, न्हाईतर माझ्या तोंडून चकार शब्द निघाला नसता.

शिवरंजनी पूर्णेची. बाप रेल्वेत होता, लेक जंक्शनच्या क्वार्टरात वाढली. मालगाडी जायली असली तरी बोलणं थांबवायचं न्हाई, उलट आवाज चढवायचा, ही तिथली सवय ती सासरी घेऊन आली. सासर म्हणजे आमच्या पेठेतलं तिच्या नवऱ्याचं, राजशेखरचं कापडाचं दुकान आन् मागं घर. शिवरंजनी दुकानात बसायला लागली तशी दुकानाची कळाच बदलली. साडी अशी झटकून पसरायची की निस्ती बघायला आलेली बाई दोन घेऊन जायची, आन् ब्लाउज शिवायला माझा पत्ता पण घेऊन जायची. ती हसली की समोरच्या भांड्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक मान वळवून बघायचं. तिची सासू, चन्नबसम्माकाकू, नाक मुरडायच्या. पण गल्ला भरायलाय म्हणल्यावर गुमान बसायच्या.

मग एका वर्षी ती दिसायचीच बंद झाली. हैदराबादला बहिणीच्या बाळंतपणाला गेलीय म्हणून काकूंनी सांगितलं. हे बाळंतपण इतकं लांबलं की मी म्हणले, बहिणीला हत्ती झाला का काय! परत आली ती डोक्यावरचा पदर घट्ट धरून, आन् पदराखाली केस बोटभर. श्रीशैलाला मल्लिकार्जुनाला केस दिले म्हणे. हसणं बंद, दुकानात बसणं बंद. दिवसभर माडीवर बसलेली असायची आन् रस्त्याकडच्या खिडकीला पडदा ओढलेला असायचा.

थोड्या दिसांनी काकू तिला घेऊन माझ्याकडं आल्या. आत आल्या आल्या स्वतःच दाराला कडी घातली. मी टेप घेऊन उभी. शिवरंजनीनं पदर काढला, ब्लाउज काढला. डावी बाजू सपाट होती आन् कातडी करपल्या भाकरीसारखी काळी पडली होती. आयुष्यात मी लय मापं घेतली, पण त्या दिवशी टेप काय अंगाला लावायला धजंना.

काकूंनी मला बजावलं. ही गोष्ट त्यांना, राजशेखरला, हैदराबादच्या बहिणीला आन् आता मला, एवढ्यांनाच मालूम हाय. राजनंदिनीला पण न्हाई. राजनंदिनी म्हणजे शिवरंजनीची एकुलती लेक, तवा शाळेत होती. काकूंचं म्हणणं, आईला हा आजार झाला हे पेठेत एकदा का फुटलं की लेकीला कुणी दारात उभं करणार न्हाई. त्यांना खोटं तरी कसं म्हणू? सोयरीक बघायला येणारे लोक पोरीच्या आजीचे दात पण मोजतात. मी शपथ घेतली. शिवरंजनी भिंतीकडं तोंड करून उभी होती.

मी तिला ब्लाउजाच्या आतून लावायला कापसाची पिशवी शिवून दिली. निस्ता कापूस हलका पडतो, ब्लाउज एका अंगानं वर चढतो, म्हणून त्यात मूठभर बाजरी भरली. वजन बरोबर बसलं. मी म्हणले, लय घाम येऊ देऊ नको बाई, मोड येतील. तवा ती हसली, आन् हसता हसताच रडायला लागली.

आता व्रताचं सांगते. हे लिंगायत लोक. यांच्या गळ्यात लिंग बांधलेलं असतं, ते जितेपणी अंगावरून दूर करायचं न्हाई. लिंग हातावर घेऊन पूजा केल्याबिगर शिवरंजनी पाण्याचा घोट घेत न्हाई. हैदराबादला छातीवर मशिनीचे शेक द्यायचे होते, तवा डॉक्टर म्हणले गळ्यातलं काढा. ही काढायला तयार होईना. शेवटी तिनं ते उजव्या दंडावर बांधलं, आन् पुढं भाजल्या कातडीला दोरा सहन होईना म्हणून तिथंच राहिलं. पण दंडावरचं लिंग काय लपून राहतं? काकू बायकांच्या मंडळाच्या अध्यक्ष. मंडळातल्या बायकांनी बरोबर हेरलं आन् काकूंना विचारलं. काकूंच्या तोंडून पटकन निघून गेलं की सुनेनं व्रत धरलंय, गावातल्या बायामाणसांना निरोगी आयुष्य लाभावं म्हणून.

झालं! आमच्या गावाला एवढं पुरतं. तेलवाल्यांच्या सुनेनं दुसऱ्याच सोमवारी गळ्यातलं लिंग दंडावर बांधलं. मग एका मास्तरणीनं बांधलं. बाया माडीवर जाऊन शिवरंजनीच्या पाया पडायल्या, लेकरं तिच्या पुढ्यात घालायल्या. ती बिचारी अंग चोरून बसायची. एकदा ब्लाउज न्यायला आली तवा म्हणली, "रुख्मिणीबाई, आजारी होते तवा निस्ती आजारी होते. आता यांनी माझी देवी केलीय. देवीला गाभाऱ्यातून बाहेर पण येता येत न्हाई."

गेल्या थंडीत परभणीच्या नीलम डॉक्टर मंडळात आल्या. बायकांच्या कॅन्सरवर संशोधन करायला पैसा उभा करायचा होता. त्यासाठी जिंतूरच्या पुढं, येलदरीच्या अंगाला महादेवाचा डोंगर हाय, तो सगळ्यांनी मिळून चढायचा आन् चढणाऱ्या बाईनं ओळखीपाळखीतून देणगी आणायची. आपल्याकडच्या बायकांचा हा आजार इतक्या उशिरा कामून कळतो, त्याचा अभ्यास करायचाय असं त्या म्हणल्या. मी मनात म्हणले, डॉक्टरीणबाई, त्याला डोंगर कशाला पाहिजे, आमच्या पेठेतून एक चक्कर मारा की. मंडळात तर आजाराचं नाव पण कुणी घेईना. "त्या आजारासाठी" असं म्हणायच्या आन् कानाला हात लावायच्या.

कोण कोण जायचं याची चर्चा निघाली आन् सगळ्या बाया एका सुरात म्हणल्या, पुढं शिवरंजनी पाहिजे. तिचं व्रतच हाय बायकांच्या आरोग्याचं. काकूंचं तोंड उतरलं. काखेतल्या गाठी काढल्यापासून शिवरंजनीचा डावा हात सुजायचा, पाण्याची कळशी उचलायची तिला मनाई होती. न्हाई म्हणावं तर कामून न्हाई ते सांगावं लागल, आन् हो म्हणावं तर सुनेला डोंगरावर घालावं लागल. इकडं आड तिकडं विहीर. काकूंनी हो म्हणलं. सुनेला विचारलं पण न्हाई. राजशेखर माणूस वाईट न्हाई, पण आईपुढं त्याचा आवाज फुटत न्हाई. सावकाश चढ म्हणला आन् दुकानात गेला. आता अकरावीला गेलेल्या राजनंदिनीनं आईच्या पाठोपाठ आपलं नाव दिलं.

त्या संध्याकाळी शिवरंजनी माझ्याकडं आली. मला वाटलं, जायला नको म्हणून रडल. तर उलटच. डोंगर चढायचं तिच्या लय मनात होतं. पण व्रतवाली बाई म्हणून चढायचं नव्हतं. हा आजार झालेली बाई म्हणून चढावं, एकदा मोठ्यानं सांगून टाकावं, म्हणजे छातीवरचा धोंडा उतरल असं ती म्हणली. मी म्हणले, मग सांग की. ती माझ्याकडं बघतच राहिली. "आन् माझ्या पोरीचं काय?" एवढंच म्हणली. तिनं मला संगं यायला सांगितलं, वाटेत पिशवी सरकली तर बघायला कुणीतरी पाहिजे म्हणून. माझे गुडघे काय डोंगराचे न्हाईत, पण मी गेले. काकू मातर घरीच राहिल्या.

आमचा सोनपेठचा भाग म्हणजे सगळी काळी सपाट रानं. चढायचं म्हणलं तर गोदावरीच्या पुलाचा चढ, तेवढाच. त्यामुळं बाया गाडीतून उतरून डोंगराकडं बघून आधीच दमल्या. पायथ्याला डॉक्टरांची माणसं गळ्यात बांधायला रुमाल द्यायली होती. सगळ्यांना पांढरा, आन् ज्यांनी हा आजार भोगलाय त्यांना पिवळा. दोन टोपल्या शेजारी शेजारी. शिवरंजनी त्या टोपल्यांपुढं अशी थबकली की मागची रांग अडली. तेवढ्यात राजनंदिनी पुढं आली, पांढरा रुमाल उचलला आन् आईच्या गळ्यात स्वतःच्या हातानं बांधला. शिवरंजनीनं मान वाकवली आन् पुढं निघाली.

पिवळ्या रुमालात तिघीच होत्या. दोघी परभणीच्या, शिकल्या-सवरलेल्या. तिसरी दगडाबाई, सोनपेठच्याच बाजूच्या खेड्यातली. आधी दर साली ऊस तोडायला जायची, आता कोयता धरवत न्हाई म्हणून घरीच असते. ही बाई येईल त्याला आपणहून सांगायची, मला झाला होता, एक बाजू काढली. जसं काय दाढ काढल्याचं सांगायलीय. आमच्या मंडळाच्या बाया तिच्यापासून हातभर लांब चालायल्या. अर्ध्यात न्याहारीला बसलो तवा दगडाबाईनं भाकरी आन् ठेचा पुढं केला. सगळ्यांची पोटं एकदम भरली. तिनं शिवरंजनीपुढं पण भाकरी धरली. शिवरंजनीचा हात उठला, तर तेलवाल्यांच्या सुनेनं तिचं मनगट धरलं. म्हणली, वैनी, तुमचं व्रत हाय, कुणाच्या हातचं खाऊ नका. शिवरंजनीनं हात मागं घेतला. दगडाबाईनं भाकरी फडक्यात परत बांधली. मला त्या तेलवालीच्या कानाखाली द्यावी वाटायली होती, पण तोंड उघडलं तर काय काय बाहेर पडल याची धास्ती, म्हणून गप राहिले.

वर एका ठिकाणी उभा कातळ हाय, त्याला लोखंडी शिडी लावलीय. शिवरंजनी पुढं म्हणून तीच आधी चढायली. वरच्या दांड्यांपाशी गेली आन् थांबली. डावा हात वर नेता येईना, आन् नेला तर दांडीवर पकड बसंना. खाली बायांची रांग, माघारी उतरायला जागा न्हाई. वर चढायला हात न्हाई. खालून बाया ओरडायल्या, चढा वैनी, महादेव बघायलाय, तुमच्या व्रताला यश हाय. जेवढ्या त्या ओरडायच्या तेवढी ती शिडीला जास्तच चिकटायची. तिची पाठ घामानं भिजली होती. मी खालून बघायले आन् मला रडू यायलं, पण करते काय?

पिवळ्या रुमालवाल्या डॉक्टरांच्या संगं दुसऱ्या सोप्या वाटेनं आधीच वर पोचल्या होत्या. त्यांतली दगडाबाई कातळाच्या कडेला पालथी पडली आन् खाली वाकून तिनं शिवरंजनीच्या सुजल्या हाताकडं नीट बघितलं. मग हळूच म्हणली, "डाव्यावर भार देऊ नको, माय. उजवा दे माझ्याकडं." शिडी लय उंच न्हाई आन् मी बुडाला होते म्हणून मला ऐकू आलं. तिनं शिवरंजनीला उजव्या हाताला धरून वर ओढलं.

वर महादेवाचं लहानसं देऊळ, आन् पलीकडं येलदरीच्या धरणाचं पाणी. नीलम डॉक्टरांनी पिवळ्या रुमालवाल्या तिघींना पुढं बोलावलं, टाळ्या झाल्या. बेलाचे हार मंडळानं नेले होते. ते घालायचा मान अर्थातच शिवरंजनीला. तिनं दोघींना हार घातले. दगडाबाईपुढं आली तवा दगडाबाई वाकली आन् तिच्या कानात काहीतरी बोलली. शिवरंजनीचा चेहरा पांढरा पडला. कसाबसा हार घातला आन् मला खूण करून देवळामागं गेली. काय म्हणली गं ती, म्हणून विचारलं. तर दगडाबाईनं विचारलं होतं, तुला कवा झाला?

पिशवी घामानं चिंब होऊन पार बगलेत सरकली होती. मी देवळाच्या मागच्या भिंतीआड उभी राहून तिचा ब्लाउज सैल केला, पिशवी काढून घेतली आन् पिळायले. तेवढ्यात भिंतीच्या त्या अंगाला राजनंदिनीचा आवाज आला. ती दगडाबाईशी बोलायली होती. आवाज इतका बारीक की आधी मला वाटलं दुसरीच कुणाची पोर हाय.

"मावशी, गाठ दुखत नसली तर ती तसलीच असते का?"

माझे हात थांबले. दगडाबाईनं विचारलं, कुणाला हाय गाठ? पोरीनं उत्तर दिलं न्हाई. दगडाबाईनं मग विचारलं, आईला सांगितलंस का?

"आईला कसं सांगू? आईनं तर व्रत धरलंय, बायकांना असलं काही होऊ नये म्हणून. आन् मलाच झालं तर आई मरून जाईल. आजी म्हणते आमच्या घरात असलं काही कवाच झालं न्हाई."

मी शिवरंजनीकडं बघितलं. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली न्हाई. ब्लाउजाची बटणं पण लावली न्हाईत. निस्ता पदर अंगावरून ओढला आन् भिंतीला वळसा घालून समोर गेली. राजनंदिनी दचकून उठली. शिवरंजनीनं तिचा हात धरला आन् पदराखाली, जिथं काहीच न्हाई तिथं, छातीवर ठेवला.

"इथं होती. मला झाला होता, कॅन्सर. काढून टाकला. आता सांग, तुझी गाठ कुठं हाय?"

पोर हात काढंना. मग एकाएकी आईच्या खांद्यावर पडून हुंदके द्यायला लागली. आवाजानं बाया गोळा झाल्या. माझ्या हातात ती ओली पिशवी तशीच होती, आन् सगळ्यांना ती दिसली. तेलवाल्यांच्या सुनेनं विचारलं, आवं पण वैनी, मग तुमचं व्रत? शिवरंजनी मोठ्यानं म्हणली, व्रत बित काही न्हाई बाई, आजारी होते. नीलम डॉक्टर गर्दीतून पुढं आल्या, त्यांनी राजनंदिनीला देवळाच्या ओवरीत नेलं, बाहेर येऊन म्हणल्या की उद्याच परभणीला तपासू, या वयातल्या गाठी बहुतेक साध्याच असतात. बहुतेक म्हणल्या. त्या एका शब्दावर ती माय रातभर कशी जगली असल ते तिचं तिला मालूम.

परत येताना गाडीत शिवरंजनीच्या शेजारची जागा रिकामी राहिली. तिच्या मांडीवर राजनंदिनीचं डोकं होतं. मी जाऊन त्या रिकाम्या जागेवर बसले. तेलवाल्यांच्या सुनेनं गाडी जिंतूरला पोचायच्या आत पदराआड दंडावरचं लिंग सोडून पुन्हा गळ्यात बांधलं.

गाठ साधी निघाली, ते दुसऱ्या दिवशी कळलं. पण त्या संध्याकाळी कुणालाच काही मालूम नव्हतं. मी त्यांना घरापस्तोर सोडायला गेले, तर खबर आमच्या आधीच पोचली होती. काकू ओसरीवर उभ्या होत्या, राजशेखर मागं खांबाला टेकून. पोरीला काय झालंय ते काकूंना ठाऊक नव्हतं, त्यांच्या कानावर निस्ती सुनेची गोष्ट आली होती. त्या पायरीपस्तोर पुढं आल्या. म्हणल्या, इतकी वर्षं मी झाकलं, तू चारचौघांत उघडं कामून केलंस? पोरीच्या जन्माचं वाटोळं केलंस. मी मधी पडणार होते, पण शिवरंजनीनं मला हातानं थांबवलं. ती चिडली न्हाई.

"आत्याबाई, तुमच्या नातीच्या छातीत गाठ हाय. तिनं ती एका परक्या बाईला सांगितली. मला सांगितली न्हाई, तुमाला सांगितली न्हाई."

काकू खाली बसल्या. राजनंदिनीनं चपला काढल्या आन् आजीच्या शेजारी जाऊन बसली. काकूंनी तिचा हात धरला. मग विचारलं, "कवापासून हाय गं?"

"दिवाळीच्या आधीपासून," पोर म्हणली. "मी रोज वाट बघायची, आपोआप जाईल म्हणून."